मरणोत्तर बढती

पाटीवर चार ओळी मावणार होत्या आणि खोलीत सहा माणसं होती. प्रत्येकाच्या वाट्याला धड एक ओळही येणार नाही, हे चहा यायच्या आधीच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं आणि त्या बेतानं सगळे सावरून बसले होते.

पाटी पितळेची. शाळेच्या नव्या सभागृहाच्या दारावर लागायची होती. सभागृह थोरल्यांचा मुलगा बांधत होता, त्यामुळे त्याला नाव कुणाचं द्यायचं हा प्रश्न शाळेच्या समितीपुढे फार वेळ रेंगाळला नाही. घरात एक हुतात्मा होता. साठ वर्षांपूर्वीच्या युद्धात विमानासकट नाहीसा झालेला, बावीस वर्षांचा, बिनलग्नाचा, वाटणीत हिस्सा न मागता गेलेला. इतका सोयीचा माणूस प्रत्येक घराण्याला लाभत नाही. घरात सगळे त्याला मधला म्हणत. भिंतीवर त्याचा एकच फोटो होता: विमानाच्या पंखावर हात ठेवून उभा, दुकानात गाडी पाहायला आलेलं गिऱ्हाईक उभं राहतं तसा.

"रविवारी अनावरण," मुलगा म्हणाला. "चार वाजता पाटीवाल्याला मजकूर द्यायचाय. तेव्हा जरा आटपतं घेऊ."

"घाईत लिहिलेलं पुढे कोर्टात नडतं," थोरले म्हणाले.

वकिली सोडून त्यांना बारा वर्षं झाली होती, पण खुर्ची त्यांनी सोडली नव्हती. ती कचेरीतून घरी आणून खिडकीकडे पाठ करून मांडली होती. म्हणजे समोरच्याच्या तोंडावर उजेड पडायचा आणि यांचं तोंड दिसायचं नाही. पंच्याऐंशीव्या वर्षीही साक्षीदार घाबरवायची सोय त्यांनी ठेवली होती. साक्षीदार तेवढे घरचेच उरले होते.

समोर सोफ्यावर ताई. तिला एका कानानं ऐकू येत नसे, आणि ज्याचं पटत नाही त्याच्याकडे ती तोच कान करून बसे. आज तिनं सोयीसाठी थोरल्या भावाकडे बहिरा कान केला होता. तिच्याशेजारी थोरल्यांची नात, बावीस वर्षांची, मांडीवर एक बंद पाकीट घेऊन. वहिनी चहा ओतत होत्या. आणि पुस्तकांच्या कपाटाला टेकून, स्टुलावर, त्र्याहत्तर वर्षांचा धाकटा.

धाकट्याला पुतण्यानं लहानपणी 'खोडरबर' असं नाव ठेवलं होतं, तेच पुढे रूढ झालं. छापखान्यात चाळीस वर्षं त्यानं मुद्रितं तपासली. शब्दकोश, पाठ्यपुस्तकं, वेळापत्रकं, निवडणुकीच्या याद्या. लोकांची लाखभर वाक्यं त्यानं नीट केली आणि स्वतःचं म्हणावं असं एकही लिहिलं नाही. एक सोडून. त्या एकाविषयी खोलीत कुणाला माहीत नव्हतं. आज त्याला बोलावलं होतं ते स्वल्पविरामांसाठी.

"तू फक्त चिन्हं बघ," थोरल्यांनी त्याला बजावलं. "आशयात शिरू नकोस."

मग त्यांनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला.

"'शत्रूच्या सात विमानांशी एकाकी झुंज देत देशासाठी प्राण वेचणारे, पथकप्रमुख, निष्णात वैमानिक...'"

"सात?" वहिनी म्हणाल्या. "आपलं लग्न झालं तेव्हा तीन होती."

"तेव्हा सगळी माहिती बाहेर आली नव्हती."

"कुठून आली बाहेर?"

थोरल्यांनी हा प्रश्न रद्दबातल केला आणि पुढची ओळ वाचली.

माहिती कुठून आली ते धाकट्याला चांगलं ठाऊक होतं. मधल्याला जिवंतपणी एकही बढती मिळाली नव्हती. मेल्यावर मात्र तो भराभर चढत गेला. ताईच्या मोठीचं लग्न ठरत होतं तेव्हा तो साधा वैमानिक होता; मुलाकडची मंडळी जरा वरच्या घरातली निघाली, तेव्हा त्याला एक पट्टी जास्त मिळाली. थोरल्यांनी वकिलांच्या संघाची निवडणूक लढवली त्या वर्षी तीन विमानांची पाच झाली. नातवंडांच्या शाळाप्रवेशाच्या वेळी तो पथकप्रमुख झाला. निवृत्तीच्या समारंभात थोरल्यांनी भाषण केलं, त्यात उरलेली दोन विमानं आली. आणखी दहा वर्षं मिळाली असती तर मधला हवाईदलप्रमुख होऊन सन्मानानं निवृत्त झाला असता. या सगळ्या बढत्यांच्या तळाशी पहिली बढती होती, ती कुणी दिली हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

"छान झालंय," ताई म्हणाली. तिला काहीही ऐकू आलं नव्हतं. "पण त्यात 'ताईचा लाडका' असं घाला."

"ताई, ते पाटीवर चालत नाही."

"मग 'बहिणीचा आधार' घाला. एकुलती एक बहीण आहे मी त्याची."

"आजोबा," नात म्हणाली, "मजकूर द्यायच्या आधी एकदा हे बघाल का?"

तिनं पाकीट उघडलं. गेल्या महिन्यात तिनं हवाईदलाच्या अभिलेख विभागाला पत्र लिहिलं होतं. पाटीवरची तारीख बरोबर असावी, एवढाच तिचा हेतू होता. उत्तर मंगळवारी आलं होतं. तिनं ते शांतपणे वाचून दाखवलं. विमानात तिघं होते. वैमानिक एक, दिशादर्शक एक, त्यांची नावं; आणि तिसरं नाव मधल्याचं, त्यापुढे 'बिनतारी यंत्रचालक'. काम: वेढ्यात सापडलेल्या तुकडीला रसद टाकणं. हवामान खराब. रसद टाकली. विमान परतलं नाही. शत्रूच्या विमानांचा उल्लेख नाही.

खोलीतली सात विमानं एकदमच खाली उतरली.

ताईनं चांगला कान नातीकडे वळवला. "यंत्रचालक म्हणजे काय गं?"

"मागे बसून संदेश पाठवायचे, ताईआजी. टकटक करून."

"म्हणजे तारमास्तर?"

"विमानातले."

"तारमास्तर तर आमच्या ह्यांचे काकाही होते," ताई म्हणाली. "त्यांच्या नावाची पाटी कुणी लावली नाही."

"सरकारी कागद म्हणजे अंतिम पुरावा नव्हे," थोरले म्हणाले. आवाज जुना झाला होता, पण त्यात एकदम धार आली. "कारकुनाची चूक असू शकते. माझंच वय सरकारी कागदावर दोन वर्षांनी कमी आहे."

"ते तुम्ही कमी करून घेतलंत," वहिनी म्हणाल्या.

"बाबा, ते काही असो," मुलगा म्हणाला. त्याला घाम आला होता. "समितीत मी पथकप्रमुख म्हणून सांगून बसलोय. मुलांनी त्यावर नाटुकलं बसवलंय. सात मुलांना शत्रूची विमानं केलंय. पुठ्ठ्याचे पंख झालेत. त्या सातांच्या आयांना मी काय सांगू?"

"सांग, हवामान खराब आहे," वहिनी म्हणाल्या.

"तू कुणाच्या बाजूनं आहेस, आई?"

"मी चहाच्या बाजूनं आहे. निवतोय."

थोरल्यांनी आता नातीची उलटतपासणी सुरू केली. कागदावर शिक्का कुठला, सही कुणाची, जावक क्रमांक का नाही. जावक क्रमांक होता. मग तो इतका लांबलचक का, असं त्यांनी विचारलं. ताई आता त्यांच्या बाजूला आली होती, कारण तारमास्तराची बहीण म्हणून रविवारी पहिल्या रांगेत बसणं तिला जड जाणार होतं. मुलगा कधी बापाकडे बघे, कधी घड्याळाकडे.

"कागद बरोबर आहे," धाकटा म्हणाला.

कुणाच्या कानावर ते गेलं नाही. आयुष्यभर समासात खुणा केलेल्या माणसाला मधोमध बोलायची सवय नसते. त्यानं घसा साफ केला. आपण बोलतोय ते बरोबर आहे का, अशी शंका त्याला नेहमीप्रमाणे आली. गेली साठ वर्षं याच शंकेवर त्यानं दिवस काढले होते.

"दादा, कागद बरोबर आहे. चूक माझी आहे."

"कुठे? विरामचिन्हात?"

"नाही. आशयात."

थोरल्यांनी चष्मा काढला. ताईनं विचारलं, "काय म्हणतोय?" आणि नातीनं तिला खुणेनं गप्प केलं.

"ते पत्र आलं तेव्हा घरात मी आणि आई दोघंच होतो," धाकटा म्हणाला. "वडील गेलेले. तू वसतिगृहात, ताई सासरी. आईला वाचता येत नव्हतं. मधल्याची पत्रंही मीच वाचून दाखवायचो, आणि त्यात जेवणाखेरीज कशाचा उल्लेख नसायचा. तेरा वर्षांचा होतो मी. तिनं विचारलं, विमानात तो काय करत होता? पत्रात हेच लिहिलं होतं, बिनतारी यंत्रचालक. मला ते फार बारकं वाटलं. वाटलं, माणूस गेलाय तर निदान पुढच्या खुर्चीवर बसून तरी गेला असू दे. मी म्हणालो, चालवत होता."

"एवढंच ना?" मुलगा म्हणाला. "अहो काका, तेरा वर्षांचं पोर..."

"एवढंच नाही. तिनं पुढे विचारलं, आणखी कोण होतं? म्हटलं, दोघं. मग म्हणाली, म्हणजे ती दोन्ही पोरं ह्याच्या भरवशावर होती."

वहिनींनी किटली खाली ठेवली.

"तिला वाटलं, त्यानं विमान पाडलं. दोन आयांची मुलं आपल्या मुलानं नेली. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडून त्या दोघींना पत्रं लिहवून घेतली. क्षमेची. पत्ते छावणीतून मागवून घेतले. पेटीत टाकायलाही स्वतः आली, म्हणून मला ती दडवता आली नाहीत."

"आई त्या तारखेला कुणाशी बोलायची नाही," ताई म्हणाली. सगळं तिला ऐकू आलं होतं. कोणत्या कानानं, कोण जाणे. "आम्हाला वाटायचं, मुलाच्या दुःखानं."

"तिघांच्या," धाकटा म्हणाला.

"आणि ती त्यानंतर किती वर्षं होती? सव्वीस. सव्वीस वर्षांत तुला तोंड उघडता आलं नाही?"

"रोज उद्या सांगणार होतो."

यावर बोलण्यासारखं ताईकडे पुष्कळ होतं. तिनं तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा रुमाल शोधला.

थोरले खिडकीकडे पाठ करून बसले होते, त्यामुळे त्यांचा चेहरा कुणाला दिसला नाही. "मलाही तूच कळवलं होतंस," ते म्हणाले.

"हो."

"'शेवटपर्यंत विमान चालवत होता,' असं. ते पत्र मी वसतिगृहातल्या सगळ्या खोल्यांतून वाचून दाखवलं होतं." मग ते म्हणाले, "अक्षर चांगलं होतं तुझं."

धाकट्यानं शर्टाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. गेली कित्येक वर्षं प्रत्येक कौटुंबिक बैठकीला तो हा कागद घेऊन जायचा आणि न काढता परत आणायचा. लग्नाची बोलणी, वाटण्या, वाढदिवस, सगळीकडे हा कागद हजर होता. उभ्या घराण्यात एवढी हजेरी दुसऱ्या कुणाची नव्हती.

"एकीचं उत्तर आलं," तो म्हणाला आणि कागद नातीला दिला. "वाच तू."

तिनं वाचलं. शाई उडालेली होती, पण अक्षर ठसठशीत होतं.

"'बाई, तुमचं पत्र पोचलं. तुमच्या मुलानं विमान चालवलं याबद्दल माझ्या मनात काही नाही. माझा मुलगा रजेवर आला की त्याचंच सांगायचा. म्हणायचा, तो बरोबर असला की मला धीर असतो. शेवटी तो बरोबर होता, मला तेवढं पुरे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. नीट जेवत जा. पुन्हा क्षमेचं लिहू नका.'" तिनं खालची सही पाहिली, मग अभिलेख विभागाचा कागद पाहिला, आणि पुन्हा सही. "धाकटे आजोबा, हे आडनाव वैमानिकाचं आहे."

"हो."

"म्हणजे ही त्याची आई. हिचा मुलगा चालवत होता."

"हो."

"आणि तिला ते माहीत होतं."

"चांगलं माहीत होतं," वहिनी म्हणाल्या. "वाचलंस ना तू. मुलगा रजेवर येऊन सगळं सांगायचा."

मुलानं बिस्किट उचललं आणि परत ठेवलं. साठ वर्षं ज्या खुर्चीवरून घराण्यानं एवढी मिरवामिरव केली, ती एका अनोळखी बाईनं, आपलं पोर नुकतं गेलेलं असताना, उठून दिली होती. आणि यांनी बसताना आभारही मानले नव्हते.

पण हे घराणं फार वेळ गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हतं. थोरल्यांनी चष्मा लावला आणि ते पुन्हा वकील झाले.

"यातून मार्ग निघू शकतो," ते म्हणाले. "'वैमानिक' काढू. 'यंत्रचालक' घालायची गरज नाही. 'हवाई योद्धा' घालू. हवेत होता, युद्ध होतं. कुणी हरकत घेऊ शकत नाही."

"वा," मुलगा म्हणाला.

"'हवाई योद्धा' ऐकायला पण बरं लागतं," ताई डोळे पुसत म्हणाली.

बेत खरोखर चांगला होता. त्यात खोटं काही नव्हतं आणि खरंही काही नव्हतं. धाकट्याला असल्या बेतांची चांगली ओळख होती. आयुष्यातली बरीचशी वर्षं त्यानं त्यावरच मान हलवली होती. आताही मान हलायच्या बेतात होती.

"फक्त एक अडचण आहे," मुलगा म्हणाला. "पाटी झालीय."

"झालीय म्हणजे?"

"सोमवारीच कोरायला दिली होती. तुमच्या भाषणातला मजकूर होता ना, तोच. काल पुरी झाली. चार वाजता तो पेटीत घालून खिळे मारतो."

"मग आज आम्हाला कशाला बोलावलंस?" ताईनं विचारलं.

"सगळ्यांचं मत घ्यावं म्हटलं."

"घेतलंस," वहिनी म्हणाल्या. "आता बिस्किट घे."

"नवी पाटी रविवारपर्यंत व्हायची नाही. आणि कोरलेलं पितळ काही खोडता येत नाही. तेव्हा जे आहे ते राहू द्या. दाराच्या वर लागणार आहे, इतक्या उंचावरचं वाचतं कोण?"

घड्याळात चारला वीस मिनिटं कमी होती. धाकटा स्टुलावरून उठला. आपण उठलोय हे त्याचं त्यालाही जरा उशिरा कळलं. "त्याचा नंबर लावून दे," तो पुतण्याला म्हणाला.

"काका, तो काय करणार आता?"

"लाव."

हा आवाज त्या खोलीत कुणी ऐकलेला नव्हता, म्हणूनच असेल, पुतण्यानं निमूटपणे नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे यंत्राची घरघर होती, मग ती थांबली.

"नमस्कार. सभागृहाच्या पाटीबद्दल बोलतोय. मजकुराच्या खाली किती जागा आहे?"

"असेल चार बोटं," पाटीवाला म्हणाला. "का हो? काही राहिलं?"

"राहिलं. खाली शुद्धिपत्र घालायचं आहे."

"काय घालायचंय?"

"पुस्तकात मागे असतं तसं. अमुक ओळीत अमुक चुकलंय, ते तमुक वाचावं."

"पाटीवर?"

"पाटीवर."

"काका," मुलगा म्हणाला, "लोक हसतील."

"हसतील तेव्हा निदान वाचलेलं तरी असेल," वहिनी म्हणाल्या. "भावजी, तुम्ही सांगा."

नातीनं दोन्ही कागद त्याच्यासमोर धरले. धाकट्यानं छापखान्यात सांगायचा तसं सांगायला सुरुवात केली. शब्द सुटा करून, जोडाक्षर आलं की थांबून. "'पथकप्रमुख, निष्णात वैमानिक' याऐवजी 'बिनतारी यंत्रचालक' असे वाचावे. पूर्णविराम. 'सात विमाने' वगळावीत. पूर्णविराम. विमान चालवणारे आणि दिशा सांगणारे, यांची नावे पुढे." त्यानं ती नावं सांगितली, दोनदा, आणि पलीकडून म्हणवून घेतली. "आता शेवटची ओळ. 'चुका धाकट्या भावाच्या.'"

"असलं कुणी घालतं का?" पाटीवाल्यानं विचारलं.

"नाही घालत. चाळीस वर्षांत मीही कधी घातलेलं नाही."

"थांब," थोरले म्हणाले.

ते खुर्चीतून उठत होते. त्यांना उठायला वेळ लागे आणि कुणी हात दिलेला चालत नसे. उभे राहिले तेव्हा खिडकीचा उजेड पहिल्यांदाच त्यांच्या बाजूनं आला आणि तोंड दिसलं. ते कुठल्याही म्हाताऱ्याच्या तोंडासारखं होतं.

"विमानं माझी आहेत," ते म्हणाले. "सातच्या सात. तुझा त्यांच्याशी संबंध नाही. 'चुका भावांच्या' असं घाल."

ताई म्हणाली, "मुलीच्या लग्नात एक पट्टी मीही..." आणि पुढचं तिनं रुमालाला सांगितलं.

"'चुका भावंडांच्या,'" धाकटा फोनमध्ये म्हणाला.

"घेतलं," पाटीवाला म्हणाला. "हे खालचं बारीक घेऊ ना? तसंच शोभतं. वरचं ठळक, खालचं बारीक. दाराखाली उभं राहिलं तर दिसायचंही नाही."

मुलानं आशेनं मान वर केली. शुद्धिपत्र बारीक टाइपातच असतं, पुस्तकाच्या पार शेवटी, वाचणारा झोपी गेल्यावर. अशी शेकडो शुद्धिपत्रं धाकट्यानं स्वतः मागे ढकलली होती.

"नाही," तो म्हणाला. "वरच्याएवढंच घ्या."

"मग चार बोटांत बसायचं नाही साहेब."

"मग वरचं 'निष्णात' चुकलेलंच आहे, त्याच्यावरून कोरा. पण ती दोन नावं पूर्ण आली पाहिजेत."